गवत, व्होल्ट आणि बाबांचे गुडघे

आज जरा वेगळाच विषय. बॅटरीवर चालणारं गवत कापायचं यंत्र. दुकानात त्याला ग्रास ट्रिमर म्हणतात, आणि आमच्या गल्लीत 'ते घुर्र करणारं'. प्राधिकरणात, म्हणजे निगडीच्या बाजूला, ज्यांच्या घरापुढे चार हात जमीन आहे त्या प्रत्येकाच्या घरी जूनपासून दिवाळीपर्यंत हा विषय निघतोच. आमच्याकडे यंदा फारच निघाला. दादा जर्मनीहून, आत्या तळेगावहून आणि मी मोशीहून, असं तीन दिशांनी आम्ही बाबांच्या अंगणातल्या गवतावर जवळजवळ महिनाभर चर्चा केली. तेवढ्यात ते गवत गुडघाभर झालं, ते वेगळं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना इथूनच परत फिरता येईल. यंत्र घेताना व्होल्ट सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा, ते कोणाच्या हातात जाणार आहे.

हे सांगण्याचा माझा अधिकार काय? तर मी चाकणच्या एका कंपनीत पर्चेसमध्ये आहे. नट-बोल्टपासून कन्व्हेयरच्या पट्ट्यापर्यंत काय वाट्टेल ते विकत घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमच्याकडे एक साधा नियम असतो. आधी काम बघायचं, मग स्पेसिफिकेशन लिहायचं आणि मग सप्लायर शोधायचा. घरी मात्र आपण सगळे उलटे जातो. आधी मोबाईलवर यंत्र दिसतं, मग 'केवढी सूट!' म्हणून जीव खाली-वर होतो आणि शेवटी ते आपल्या कुठल्या कामाला येईल याचा शोध सुरू होतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण ह्या सगळ्या पट्ट्यात दर दुसऱ्या घरात एक तरी माणूस टॉर्क, टॉलरन्स आणि रिजेक्शनच्या भाषेत बोलतो. पण तोच माणूस घरासाठी खरेदी करताना जाहिरातीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. गंमतच आहे.

तर आधी काम बघू.

काम म्हणजे बाबांचं अंगण. पुढे आणि एका बाजूला मिळून साडेसातशे चौरस फूट. त्यात एक आंबा, एक चिकू, कढीपत्ता, कर्दळीचा एक वाफा, तुळस आणि उरलेल्या जागेत गवत. लॉन नव्हे हं, गवत! हरळी, लव्हाळा आणि आपोआप उगवलेलं बाकी सगळं. बाबा भोसरी एमआयडीसीत छत्तीस वर्षं टर्नर होते. तिथल्या बऱ्याच कारखान्यांसारखी त्यांच्या कंपनीलाही सुट्टी गुरुवारी. सगळं जग रविवारी आराम करायचं आणि बाबा गुरुवारी अंगणात विळा घेऊन उकिडवे बसायचे. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा गवताच्या पेंढ्या नीट बांधून कुंपणाला टेकवलेल्या असायच्या. संध्याकाळी गल्लीतला दूधवाला त्या घेऊन जायचा. रिटायर झाल्यावर बाबांचे सगळेच वार गुरुवार झाले.

मग गुडघे गेले. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर मांडी नाही. बाबांनी बाकी सगळं मुकाट्याने ऐकलं. पण विळा हातातून गेल्यावर ते जे गप्प झाले, ते आम्हा सगळ्यांना जाणवत होतं. दादाचं म्हणणं, 'सरळ माळी लावू या. महिन्याचे पैसे मी पाठवतो.' आत्याचं म्हणणं, 'पेव्हर ब्लॉक टाका आणि सुटा एकदाचे.' दोघांच्याही मनात काळजीच होती. पण दोन्ही उपायांत गवत जात होतं आणि त्याबरोबर बाबांचं कामही जात होतं. पंचाहत्तरीच्या माणसाला 'तुम्ही आता काही करू नका' हे आपण फार प्रेमाने सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यात 'तुमची आता गरज नाही' असं ऐकू येतं. म्हणून मी म्हटलं, यंत्र बघू. उभ्याने चालवता येईल असं.

आता यंत्राकडे वळते.

हे दोरीवालं यंत्र निघालं तरी कसं, याची गोष्ट मला फार आवडते. १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलास नावाचा माणूस गाडी धुवायच्या ऑटोमॅटिक केंद्रात बसला होता. तिथले गरगर फिरणारे नायलॉनचे ब्रश गाडीचा कानाकोपरा साफ करत होते, आणि तरी गाडीचा रंग खरवडला जात नव्हता. त्याच्या डोक्यात आलं, झाडाच्या बुंध्याजवळचं गवत असंच का कापू नये? घरी जाऊन त्याने पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, त्यात मासे पकडायची दोरी ओवली आणि तो डबा बागेतल्या एका जुन्या यंत्रावर बसवून फिरवला. झालं! आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ट्रिमरांच्या मुळाशी तोच डबा आहे. आपल्याकडच्या कुठल्याही टूलरूममध्ये घडू शकली असती अशी ही गोष्ट.

ह्या यंत्रांचे तीन प्रकार. पेट्रोलवाले, वायरवाले आणि बॅटरीवाले.

पेट्रोलवाला म्हणजे ब्रश कटर. गणपतीच्या आसपास रस्त्याच्या दुभाजकावरचं माजलेलं गवत कापताना दिसतो तो. ताकद भरपूर. कमरेएवढं गवत, झुडपं, काहीही कापतो. पण टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण सांभाळा, दोरी ओढून तो चालू करा, धूर सोसा आणि आवाज तर विचारूच नका. आपल्या भागात ह्या आवाजाला एक खास अर्थ आहे. इथे सकाळी नऊ वाजता शेजारच्या घरात कोणीतरी नुकतंच थर्ड शिफ्ट करून येऊन झोपलेलं असतं. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाच्या खिडकीखाली टू-स्ट्रोक इंजिन चालवणं हे मला तरी पाप वाटतं. बॅटरीवाला अगदी मुका नसतो, पण खिडकी लावून घेतली की शेजारी झोपू शकतो.

वायरवाला स्वस्त, हलका, आणि बॅटरी संपायची भीती नाही. युरोपात कोरड्या हवेत तो ठीकच असेल. पण आपल्याकडे गवत वाढतं कधी? भर पावसाळ्यात. म्हणजे पायाखाली ओल, हातात यंत्र, मागे घरातून खिडकीवाटे आलेली पंचवीस फूट एक्स्टेंशन वायर, आणि ती वायर कुठून गेली आहे हे उंच गवतात दिसत नाही. घरात अर्थ लीकेज तोडणारा ब्रेकर नसेल तर हा प्रकार मी कोणालाच करू देणार नाही, वयस्कर माणसाला तर नाहीच नाही. माझ्या मते कॉर्डलेस घ्यायचं खरं कारण हेच. सोय नंतर. अर्थात कॉर्डलेस आहे म्हणून भर पावसात चालवायचं असंही नाही. ही यंत्रं पावसात वापरायला केलेली नसतात आणि चिंब गवत झाकणीखाली लगद्यासारखं चिकटतं. उघडीप मिळाली, दोन तास ऊन पडलं, की वीस मिनिटं काढायची. ते वीस मिनिटांचं काम पटकन उरकता यावं म्हणूनच हे यंत्र.

आता व्होल्ट. इथे जरा सावरून बसा, कारण सगळी फसवाफसवी इथेच चालते.

एका लिथियम-आयन सेलचं ठरलेलं व्होल्टेज साधारण ३.६. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. तेच सेल पूर्ण चार्ज झाले की प्रत्येकी ४.२ होतात, म्हणजे पाचांचे २१. त्यामुळे एक कंपनी '१८ व्होल्ट' लिहिते, दुसरी '२० व्होल्ट मॅक्स' लिहिते आणि तिसरी '२१ व्होल्ट', पण आत तेच पाच सेल! दहा सेल जोडले तर ३६, आणि त्यालाच कोणी ४० म्हणतं. इथवर ठीक आहे, निदान हिशेब लागतो. पण ऑनलाइन बाजारात '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ', '१९८ व्हीएफ' असे आकडे छापलेली, बिननावाची यंत्रं येतात. हे व्हीएफ म्हणजे व्होल्ट नव्हेत. बऱ्याचदा आत तीच पाच सेलांची, २१ व्होल्टची बॅटरी असते. आमच्या इनवर्ड इन्स्पेक्शनला असा माल आला असता तर गेटवरूनच परत गेला असता.

मग बघायचं काय? व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. ही खरी टाकी. यंत्र सरासरी दीडशे वॉट ओढत असेल तर ३६ भागिले १५०, म्हणजे जेमतेम चौदा-पंधरा मिनिटं. चार अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर ७२ वॉट-तास, म्हणजे साधारण अर्धा तास. पण चारची बॅटरी वजनालाही जड. मग आमच्यासारख्या अंगणाला दोन-दोनच्या दोन बॅटऱ्या बऱ्या. एक संपली की आपोआप विश्रांती होते, पाणी प्यायचं, घाम पुसायचा, मग दुसरी लावायची. बाबांना 'आता बसा जरा' असं कोणी सांगावं लागत नाही. बॅटरीच सांगते :-)

बॅटरीबाबत आणखी एक. यंत्रापेक्षा बॅटरीचं कुळ निवडा. प्रत्येक कंपनीचा बॅटरीचा खाचा वेगळा, आणि कधीकधी एकाच कंपनीत दोन घराणी. बॉशचंच बघा. घरगुती हिरव्या यंत्रांची १८ व्होल्टची बॅटरी आणि व्यावसायिक निळ्या यंत्रांची १८ व्होल्टची बॅटरी एकमेकांना चालत नाहीत. घरात आधीच एखादं ड्रिल असेल तर त्याच कुळातला ट्रिमर बघावा, बॅटरीचे आणि चार्जरचे पैसे वाचतात. आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे बॅटरी वर्षभर हलती राहते. कारण आपल्याकडे गवत चार-पाच महिने. दिवाळीनंतर ट्रिमर माळ्यावर जातो तो थेट पुढच्या जूनमध्ये खाली येतो. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी सात-आठ महिने तशीच पडली तर बऱ्याचदा पुन्हा चार्जच होत नाही. आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात ठेवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून ती अर्धी-पाऊण भरलेली, घरात, सावलीत ठेवायची. मी बाबांना सोपा हिशेब करून दिला आहे. संक्रांतीला एकदा बघायचं आणि गुढीपाडव्याला एकदा. उतरली असेल तर थोडी भरून ठेवायची.

शेवटी कधीतरी ती मरणारच. तेव्हा कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण बिननावाच्या यंत्राचा उत्पादक शोधणार कुठे? स्वस्त वस्तूची ही किंमत बिलावर छापलेली नसते. खरेदी करताना बॅटरीवर भारतीय मानकाची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे का तेही बघावं. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. खोक्यावर नुसतंच 'हाय क्वालिटी' लिहिलं असेल तर ते कोणीही लिहू शकतं.

आता कापणारा भाग. नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकची पाती की धातूचं चक्र? बिननावाच्या यंत्रांबरोबर बहुधा तिन्ही येतात आणि लोकांना वाटतं, वा, धातूचं चक्रही फुकट! माझं मत स्पष्ट आहे. घरच्या अंगणात, हलक्या यंत्राला धातूचं चक्र लावूच नका. जरा हिशेब करू. कापायचं वर्तुळ २६ सेंटिमीटर आणि मिनिटाला ८,००० फेरे धरले, तर दोरीच्या टोकाचा वेग निघतो सेकंदाला जवळजवळ १०९ मीटर. म्हणजे ताशी ३९० किलोमीटर! एवढ्या वेगाने धातू एखाद्या दगडावर आपटला तर काय होईल, हे ग्राइंडिंग व्हील फुटलेलं ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. दोरी निदान वाकते, तुटते. खडा तरीही उडतोच. म्हणून झाकणी काढायची नाही, चष्मा लावायचा, फुलपँट आणि बूट घालायचे. बाबा छत्तीस वर्षं लेथवर चष्मा लावून काम केलेले, त्यांना पटवावं लागलं नाही. पटवावं लागतं ते आपल्या बर्मुडा आणि स्लीपरवाल्या पिढीला.

दोरीचेही दोष आहेत, आणि ते कोणी दुकानदार सांगत नाही. ती झिजते, म्हणजेच तिचे बारीक तुकडे गवतात आणि मातीत पडतात. विळ्याने कापलेलं गवत स्वच्छ पेंढी बांधून गाईपुढे टाकता यायचं. ट्रिमरने कापलेलं गवत जनावरांना घालू नये, त्यात प्लॅस्टिक असतं. भोसरीच्या पांजरपोळात गवत नेऊन द्यायची ज्यांना सवय आहे त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. दुसरं म्हणजे दोरी झाडाची साल सोलते. आंबा, चिकू असं लहान रोप असेल आणि त्याच्या बुंध्याला चारही बाजूंनी दोरी लागली तर ते रोप मरू शकतं. त्यामुळे बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवायची, तिथे खुरपंच बरं.

आणि सगळंच हिरवं ह्या यंत्राने कापायचं नसतं. गाजर गवताला तर लावूच नये. ह्या गवताची भारतातली पहिली नोंद आपल्या पुण्यातलीच, १९५५ च्या सुमाराची. तिथून ते देशभर पसरलं. त्याच्या स्पर्शाने कातडीला खाज, पुरळ येतं, परागांनी शिंका आणि दमा. फुलावर आलेलं गाजर गवत ट्रिमरने उडवलं तर ते सगळं आपल्याच नाकातोंडात. ते फुलायच्या आधी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. लव्हाळ्याचं उलट. तो वरून कितीही कापा, जमिनीखाली त्याच्या गाठी शाबूत असतात, आठवड्यात पुन्हा हजर. तो कापून जाणार नाही हे मनाला एकदा समजावलं की शांतपणे जगता येतं. आणि गवत फार उंच झालं असेल तर यंत्र लावण्याआधी लांब काठीने ते हलवून बघायचं. पावसाळ्यात आपल्या भागात घोणस अंगणापर्यंत येते. शिवाय बेडूक, सरडे ह्यांचाही तिथे संसार असतो, त्यांना पळायला दोन मिनिटं द्यावीत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वजन.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर तुम्ही कधी गेलात तर वरून स्प्रिंगच्या बॅलन्सरला टांगलेली नट घट्ट करायची हत्यारं दिसतील. चोवीस-पंचवीस वर्षांच्या धडधाकट मुलांच्या मनगटावर दिवसभर भार येऊ नये म्हणून कंपन्या एवढा खर्च करतात. आणि घरी आपण पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातात पाच किलोचं यंत्र देतो, कारण ते 'पॉवरफुल' आहे! बागेत वरून टांगायला काही नसतं. सगळा भार खांद्यावर, कमरेवर आणि मनगटावर. म्हणून आमचं स्पेसिफिकेशन असं झालं. बॅटरीसकट वजन तीन किलोच्या आत. दांडा लांब-आखूड करता येणारा, म्हणजे उंच माणसाला वाकायला नको. दुसरी मूठ पुढे-मागे सरकवता येणारी. चालू करायचं बटण बोटांनी सतत दाबून धरावं लागलं तरी ते कडक नको. दोरी पुढे काढायला यंत्र जमिनीवर आपटावं लागतं की आपोआप येते, हेही बघायचं. आणि दोरीची नवी गुंडाळी निगडी-चिंचवडमध्ये मिळायला हवी. हे सगळं जमल्यावर मग व्होल्ट. १८ पुरले.

हे कुठल्याच वेबसाइटवर कळत नाही. दुकानात जाऊन हातात धरून बघावं लागतं. बाबांना घेऊन मी चिंचवडच्या एका दुकानात गेले. विक्रेता माझ्याशीच बोलत होता, 'मॅडम, हे घ्या, फोर्टी व्होल्ट.' बाबांनी ते उचललं, दोन मिनिटं धरलं आणि एक शब्द न बोलता खाली ठेवलं. मग दुसरं, हलकं उचललं. मूठ सरकवली, दांडा लांब केला, जमिनीपासून दोन बोटं वर धरून डावीकडून उजवीकडे असं फिरवलं. नंतर उलटं करून दोरीचं झाकण उघडलं, आतली स्प्रिंग बघितली आणि म्हणाले, 'हं. हे घरी उघडता येईल.' छत्तीस वर्षांच्या टर्नरने दिलेलं ते ओके टेस्टेडच.

दादाने मध्येच फोनवर सांगितलं होतं, 'थांब, मी येताना इकडून घेऊन येतो.' त्यालाही मी नाही म्हटलं. एक तर विमानात सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि तीही साधारण १०० वॉट-तासांपर्यंत. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणजे १८ व्होल्टची चारची बॅटरी येईल, पण ३६ व्होल्टची चारची बॅटरी म्हणजे १४४, तिला परवानगी हवी. शिवाय तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असं नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी तर चार्जरवर १२० व्होल्ट लिहिलंय का हे बघितल्याशिवाय काही आणूच नये, आपल्या २३० ला तो जळेल. परदेशातल्या मुलांना आईवडिलांसाठी काहीतरी आणायची हौस असते, ती मला कळते. पण बिघडल्यावर ज्याची दुरुस्ती कोपऱ्यावर होते ती वस्तू खरी आपल्या आईवडिलांची.

राहता राहिला माळ्याचा प्रश्न. दादा म्हणतो तसं माळी लावणं चूक मुळीच नाही. ज्यांच्याकडे मोठी जागा आहे, वेळ नाही, त्यांनी जरूर लावावा, आणि चांगले पैसे द्यावेत. आमच्या कंपनीच्या गेटच्या आत सुरेख लॉन आहे. त्यावर बायका दिवसभर उन्हात खुरपं घेऊन उकिडव्या बसलेल्या असतात. जे उकिडवं बसणं बाबांना डॉक्टरांनी बंद केलं, त्यावर त्यांची चूल पेटते. तेव्हा यंत्र आलं म्हणून माणूस नको, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र कोणाला हटवण्यासाठी घेताय की कोणाला टिकवण्यासाठी, ते आधी ठरवा. कारण त्यावरून यंत्र बदलतं. माणूस हटवायचा असेल तर जास्तीत जास्त ताकदीचं घ्या. माणूस टिकवायचा असेल तर त्याच्या अंगाला बेतलेलं घ्या. कंपनीत मी पहिल्या प्रकारची खरेदी रोज करते. घरी मला दुसरी करायची होती.

आमच्या धंद्यात सगळ्यात कमी दर देणाऱ्याला एल-वन म्हणतात आणि पुष्कळदा ऑर्डर त्यालाच जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबाबत आपण नकळत तसंच करतो. जो उपाय सगळ्यात कमी कटकटीचा, तो एल-वन. पेव्हर ब्लॉक एल-वन होते. आम्ही ती ऑर्डर दिली नाही. आता आठवड्यातून एकदा, ऊन बघून, बाबा अंगणात उभे राहतात. पंधरा मिनिटं घुर्र, मग विश्रांती, मग पुन्हा पंधरा मिनिटं. कडेचं काम अजून त्यांच्या मनासारखं होत नाही. 'विळ्यासारखी रेघ येत नाही,' असं म्हणतात. पण म्हणताना आवाजात जी तक्रार असते, ती काम करणाऱ्या माणसाची असते. गेली दोन वर्षं आम्हाला हीच तक्रार ऐकायची होती.

ता. क. : गणपतीच्या आठवड्यात अंगणाचा एक कोपरा कापायचा नाही असा आईचा हुकूम आहे. तिथली हरळी दूर्वांसाठी. त्या हातानेच खुडायच्या. बाबांनी त्या कोपऱ्याभोवती चार विटा लावून ठेवल्या आहेत आणि शेजारी प्लॅस्टिकचं उंच स्टूल.